पाटीच्या वर बघायचं: मामांबरोबर इंग्लंडच्या हाय स्ट्रीटवर

इंग्लंडमधल्या कुठल्याही गावात हाय स्ट्रीटवर, म्हणजे तिथल्या मुख्य पेठेत गेलात की दुकानाच्या पाटीकडे बघू नका, पाटीच्या वर बघा. खाली काच, एलईडी, सेलचे स्टिकर, सगळीकडे तेच ते. पण वरच्या दोन मजल्यांवर दगडात कोरलेली अक्षरं असतात, एखादं साल असतं, मधमाश्यांचं पोळं, सिंहाचं तोंड, कुणाच्यातरी नावाची आद्याक्षरं. दुकानदार चार वेळा बदललेला असतो पण ज्यानं बांधलं त्याची खूण तिथेच राहिलेली असते. मला मँचेस्टरला राहायला आल्यापासून हा नाद लागलाय. मामा सांगलीहून आले तेव्हा मी त्यांना तलाव-डोंगर दाखवायच्या ऐवजी दुकानं दाखवायची ठरवली, कारण मामांनी अख्खी नोकरी सहकारी ग्राहक भांडारात काढली, काउंटरपासून मॅनेजरपर्यंत, आणि दुकान म्हटलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "जागा स्वतःची का भाड्याची गं?" हा प्रश्न त्यांनी प्रत्येक गावात विचारला आणि खरं सांगते, या विषयावर मी इतकं वाचलं होतं पण ही बाजू मी एवढी लावून धरली नव्हती.

बुधवार, चेस्टर

सुरुवात जुन्यापासून करायची म्हणून चेस्टर. इथले 'रोज' (Rows, म्हणजे दुकानांच्या रांगा) बघायचे होते. रस्त्यालगत एक दुकान, त्याच्या डोक्यावर पहिल्या मजल्यावर सलग लाकडी कठड्याची ओसरी आणि त्या ओसरीत आत परत दुकानांची रांग. म्हणजे एकाच इमारतीला रस्त्यावर एक दर्शनी बाजू आणि वर दुसरी. तेराव्या शतकापासूनची ही रचना आहे, पावसात न भिजता वरच्या वर अर्धं गाव फिरता येतं. खाली काही दुकानांत दगडी कमानींचे तळघर अजून आहेत, ब्रिज स्ट्रीटवर तीन जुन्या कमानी आहेत त्या इंग्लंडमधल्या सगळ्यात जुन्या दुकानदर्शनींपैकी एक मानल्या जातात.

मामांना काळ्या-पांढऱ्या लाकडी इमारती फार आवडल्या, त्यांचे फोटो काढत होते. त्यातल्या बऱ्याचशा मध्ययुगीन नाहीत, एकोणिसाव्या शतकात जुन्या धर्तीवर नव्यानं बांधल्यात. मी हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग काय झालं, गावाला शोभेल असं बांधलं ना." बरोबरच आहे.

ईस्टगेटला ब्राउन्स ऑफ चेस्टर. अठराव्या शतकात सुरू झालेलं दुकान, १९७६ मध्ये डेबनहॅम्स या मोठ्या दुकानसाखळीनं घेतलं, नाव मात्र तेच ठेवलं, आणि २०२१ मध्ये डेबनहॅम्सच गेलं तेव्हा हेही बंद. खाली मध्ययुगीन तळघर, वर ग्रीक खांब, दाराला कुलूप लागतं ते मात्र कुठल्यातरी दुसऱ्याच शहरातल्या हिशेबावरून.

गुरुवार, लिव्हरपूल

चर्च स्ट्रीट. या रस्त्यासाठी मी दिवस राखून ठेवला होता. अमेरिकेतल्या फ्रँक वूलवर्थनं ब्रिटनमधलं पहिलं दुकान इथे ५ नोव्हेंबर १९०९ ला उघडलं. तीन पेनी आणि सहा पेनी, याच्यावर किंमत नाही, आणि माल उघडा मांडलेला, गिऱ्हाईकानं हात लावून बघायचा. त्या काळी इथल्या दुकानात आत शिरलं की काहीतरी घ्यायलाच पाहिजे असा दबाव असायचा, नोकर समोर उभा, माल त्याच्या पाठीमागच्या खणात. गरिबाला नुसतं बघत फिरता येणं ही केवढी मोठी गोष्ट होती. मामा म्हणाले आमच्या भांडारात रॅक उघडे केले तेव्हा बायका पहिले काही दिवस पिशवीला हात लावायलाच घाबरायच्या, "घेऊ का हो?" विचारायच्या.

थोडं पुढे फरशीत एक पितळी क्रॉस बसवलाय, लोक त्याच्यावरून चालत जातात. तिथे सेंट पीटर्स चर्च होतं, रस्त्याचं नावच त्यावरून, १९२२ मध्ये चर्च पाडलं आणि त्या जागी दुकानाची भली मोठी इमारत आली, वूलवर्थ त्यात गेलं. पुढे देशभर या कंपनीची आठशेच्या वर दुकानं झाली. कंपनीचे स्वतःचे आर्किटेक्ट होते, गावोगाव साधारण एका वळणाच्या इमारती, तीसच्या दशकात गुळगुळीत चकचकीत टाइल्सच्या. ब्लॅकपूलला टॉवरजवळची १९३८ ची तर प्रचंड आहे. आणि मग नोव्हेंबर २००८ मध्ये दिवाळखोरी, ६ जानेवारी २००९ ला शेवटची शटर खाली, सत्तावीस हजार लोकांचा रोजगार गेला. माझ्या ऑफिसातले पन्नाशीचे लोक अजून तिथल्या सुट्या गोळ्यांबद्दल बोलतात, पिशवीत भरून वजनावर घ्यायच्या त्या.

"जागा?" मामा.

इथेच सगळी गोम आहे. वूलवर्थकडे मालकीच्या इमारती होत्या, पिढ्यान्‌पिढ्या जमवलेल्या. २००१ मध्ये वूलवर्थ जिच्या मालकीचं होतं त्या कंपनीनं त्याला वेगळं काढताना १८० च्या वर दुकानांच्या इमारती विकून टाकल्या आणि तीच दुकानं त्याच इमारतींत भाडेकरू म्हणून राहिली. भाडं वाढत राहिलं, धंदा सुपरमार्केट आणि इंटरनेटकडे चालला होता. भाडं हे एकच कारण नव्हतं हे मी मामांना सांगितलं, माल काय ठेवायचा याचाही गोंधळ होता, पण मंदी आली तेव्हा पायाखाली स्वतःची जमीन नव्हती. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "सासऱ्यानं जमीन विकली आणि सुनेला खंड भरायला लावला."

समोरच कॉम्प्टन हाउस. १८६७ ची ही इमारत, डिपार्टमेंट स्टोअर म्हणूनच बांधलेल्या अगदी पहिल्या इमारतींपैकी. बांधणारा काही वर्षांतच बुडाला. १९२८ पासून तिथे मार्क्स अँड स्पेन्सर, जवळजवळ शतकभर. आणि २०२३ मध्ये ते उठून गेले कुठे, तर लिव्हरपूल वन या नव्या बाजार-संकुलातल्या डेबनहॅम्सच्या रिकाम्या जागेत. एक मेलेलं दुकान दुसऱ्याला जागा देतं आणि शंभर वर्षांचं तिसरं घर रिकामं होतं, हे असंच चालतं.

लिव्हरपूल म्हणजे लिटलवूड्सचंही गाव. जॉन मूर्सनं फुटबॉल पूल, म्हणजे सामन्यांच्या निकालांवरची पैज, मग पोस्टानं कॅटलॉग, मग दुकानं असा व्याप वाढवला. आपल्याकडे याचा एक धागा थेट येतो: लिटलवूड्सनं बंगळुरूत दुकान काढलं होतं, ते टाटांच्या ट्रेंटनं १९९८ मध्ये घेतलं आणि त्याचं वेस्टसाइड झालं. आणि मुंबईत काळा घोड्याला वेस्टसाइड बसलं ते कुठे, तर आर्मी अँड नेव्ही बिल्डिंगमध्ये, म्हणजे लंडनच्या व्हिक्टोरिया स्ट्रीटवर ब्रिटिश फौजी अधिकाऱ्यांनी काढलेल्या सोसायटीच्या मुंबईतल्या दुकानात! तसंच डी. एन. रोडवर व्हाइटअवे लेडलॉच्या इमारतीत खादी भांडार. विलायती कापडाच्या दुकानात खादी, मामांना हे तोंडपाठ होतं, मुंबईला मीटिंगला गेले की तिथे जायचेच.

शुक्रवार, रॉचडेल

मँचेस्टरहून जेमतेम अर्धा तास. मामा सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तयार, मला आधी कळलंच नाही का.

टोड लेन, ३१ नंबर. दगडी गोट्यांचा छोटासा रस्ता, विटांची साधी इमारत. २१ डिसेंबर १८४४ ला इथे अठ्ठावीस विणकर-कारागीर लोकांनी दुकान उघडलं, त्यांना रॉचडेल पायोनियर्स म्हणतात. भांडवल अठ्ठावीस पाउंड, एकेकानं पेन्या साठवून जमवलेलं, जागेचं भाडं वर्षाला दहा पाउंड. माल काय, तर लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या. बस. पण वजन पूर्ण आणि भेसळ नाही. त्या काळी पिठात खडू-माती घालणं सर्रास होतं, शिवाय गिरण्यांच्या दुकानांत मजुराचा पगार उधारीत तिथेच जिरायचा. म्हणून यांनी उधारी बंद ठेवली, एका सभासदाला एक मत, बाईलाही, आणि नफा शेअरवर न वाटता ज्यानं जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत. जगातल्या सहकारी चळवळीनं जे नियम घेतले ते इथले.

आत खाली जुनं दुकान मांडून ठेवलंय, फळीचं काउंटर, तराजू. मामा त्या तराजूसमोर उभे राहिले आणि संग्रहालयातल्या बाईंना म्हणाले (मी भाषांतर करत होते), मी अडतीस वर्षं तुमच्या नियमानं माल विकलाय. त्या बाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. मग बराच वेळ बोलणं चाललं, आमच्याकडे वार्षिक सभा कशी होते, डिव्हिडंड कसा, नायगावात मिल कामगारांच्या वस्तीत १९४८ मध्ये अपना बाजार कसा उभा राहिला, साखर कारखाने कसे. माझं भाषांतर कमी पडत होतं पण 'डिव्हिडंड' शब्द दोघांना सारखाच कळत होता. मामांचे डोळे भरले होते आणि माझेही, लिहिताना पण भरतायत.

इमारतीबद्दल मुद्दाम लिहिते. पायोनियर्सनी काही वर्षांत वरचे मजलेही घेतले आणि तिथे वाचनालय केलं. पुढे कोऑपच्या, म्हणजे सहकारी दुकानांच्या ज्या इमारती देशभर झाल्या त्यात हे दिसतंच, खाली किराणा, वर सभागृह, वाचनखोली. आणि कपाळावर मधमाश्यांचं पोळं कोरलेलं. पायोनियर्स १८६७ मध्ये स्वतःच्या मोठ्या इमारतीत गेले, ही टोड लेनची जागा मधे दुसऱ्यांकडे होती, नंतर सहकारी लोकांनीच ती परत विकत घेऊन १९३१ मध्ये संग्रहालय केलं. "विकत घेतली," मामा दोनदा म्हणाले.

गावातल्या रस्त्यांवर मात्र रिकामी दुकानं बरीच दिसली, फळ्या ठोकलेली. तिथे फार थांबलो नाही.

शनिवार, लीड्स

आधी कर्कगेट मार्केट. मायकेल मार्क्स, स्लोनिमहून, म्हणजे आजच्या बेलारूसमधून आलेला ज्यू निर्वासित, इंग्रजी धड येत नव्हतं, त्यानं १८८४ मध्ये इथे टेबल मांडलं आणि वर लिहिलं, किंमत विचारू नका, सगळं एक पेनी. भाषा येत नसलेल्या माणसानं भावाचा प्रश्नच काढून टाकला. दहा वर्षांनी टॉम स्पेन्सर भागीदार झाला. मार्केटमध्ये आता त्यांच्या नावाचं घड्याळ आहे. १९०४ मध्ये त्यांनी जवळच क्रॉस आर्केडमध्ये दुकान घेतलं. ही आर्केडं, म्हणजे छपराखालच्या दुकानांच्या गल्ल्या, बघाच: फ्रँक मॅचम म्हणून नाटकगृहं बांधणारा आर्किटेक्ट, त्यानं काउंटी आर्केड बांधलं, संगमरवर, मोझेइक, वर काचेचे घुमट, खरंच रंगमंचावर उभं राहिल्यासारखं होतं. काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला नसता तर मोठ्या काचांची दुकानं, अशी छपरं, यातलं काहीच सामान्य दुकानदाराला परवडलं नसतं. थॉर्नटन्स आर्केडमध्ये घड्याळाजवळ रॉबिन हूडची मंडळी टोले देतात, तिथे मुलांची गर्दी होती.

पण लीड्सला यायचं कारण बर्टन. मेशे डेव्हिड ओसिन्स्की नावाचा मुलगा १९०० मध्ये लिथुएनियातून आला, माँटेग्यू बर्टन झाला, चेस्टरफील्डला छोटंसं दुकान, मग लीड्सला हडसन रोडवर कारखाना, हजारो कामगार, युरोपातला कपड्यांचा सगळ्यात मोठा म्हणायचे. कामगाराला मापाचा सूट परवडला पाहिजे हे एकच वेड. दुसऱ्या महायुद्धानंतर घरी सोडलेल्या सैनिकांना सरकारी सूट मिळाले त्यातला मोठा वाटा बर्टननं शिवला.

त्याच्या इमारती ओळखायला शिका, मग प्रत्येक गावात सापडतील. शक्यतो कोपऱ्याची जागा, आणि शक्यतो विकत घेऊनच. कंपनीचा आर्किटेक्ट हॅरी विल्सन. काळा पॉलिश केलेला ग्रॅनाइट किंवा पांढऱ्या टाइल्स, उभे खांब, आर्ट डेको, काही ठिकाणी खांबांच्या माथ्यावर चक्क हत्तीची मुंडकी. दाराशी जमिनीलगत कोनशिला, त्यावर बर्टनच्या मुलांपैकी एकाचं नाव आणि साल: बार्बरा, स्टॅन्ली, रेमंड, आर्नल्ड. रेमंड-आर्नल्ड जुळे. वाटेत एका गावात आम्हाला अशी कोनशिला मिळाली, वर आता व्हेपचं दुकान, मामांनी वाकून पावसाची माती हातानं पुसली. आणि वरच्या मजल्यावर बिलियर्ड हॉल, दारू नाही. पोरं संध्याकाळी खेळायला येणार, जाता-येता खालच्या काचेत सूट बघणार. वरच्या मजल्याचं भाडं वेगळं. असा विचार करून बांधलेल्या वरच्या मजल्यांत आज जिम, डान्स क्लास, स्नूकर चालतात. नुसती गोडाऊन म्हणून बांधलेले वरचे मजले मात्र बऱ्याच ठिकाणी कबुतरांच्या ताब्यात आहेत, कारण खाली पूर्ण रुंदीची काच घालण्यासाठी जिनाच काढून टाकलाय, वर जायला वाटच नाही.

गाडीत मामा म्हणाले, "एवढ्या जागा मालकीच्या, मग ही विकायची बुद्धी पहिली कुणाला झाली?" चार्ल्स क्लोर. १९५३ मध्ये त्यानं सिअर्स ही चपला-बुटांच्या दुकानांची कंपनी ताब्यात घेतली. त्याला बुटांत रस नव्हता, कागदावर जुन्या किमतीला लिहिलेल्या शेकडो इमारतींत होता. इमारती विकायच्या, त्याच इमारती परत भाड्यानं घ्यायच्या, रोकड मोकळी. तेव्हापासून हाय स्ट्रीटच्या मालकाला दुकानापेक्षा जागा जास्त दिसायला लागली. डेबनहॅम्सनंही २००५ मध्ये २३ इमारती ४९ कोटी ५० लाख पाउंडांना विकून भाड्यानं घेतल्या. चेस्टरचं कुलूप आठवलं दोघांनाही.

रविवार, डर्बी आणि नॉटिंगहॅम

डर्बीत थोडाच वेळ. सेंट पीटर्स स्ट्रीटवर बूट्स औषधवाल्यांची १९१२ ची इमारत, दुकान आता त्यांचं नाही. पहिल्या मजल्यावर चार पुतळे, फ्लोरेन्स नाइटिंगेल, जॉन लोंब, विल्यम हटन, जेडेडाया स्ट्रट, सगळी डर्बीशी नातं असलेली माणसं. बूट्सची रीतच अशी होती, ज्या गावात जाऊ तिथल्या माणसांचे पुतळे, तिथल्या जुन्या बांधणीचं रूप. मला वूलवर्थच्या एकसारख्या इमारतीही आवडतात, पण बूट्सनं प्रत्येक गावाला जो मान दिला तो वेगळाच. बाहेरून आलेली कंपनी गावात पाहुण्यासारखी आली.

नॉटिंगहॅम हे बूट्सचं माहेर. जॉन बूट गूज गेटवर जडीबुटी विकायचा, मुलगा जेसी यानं धंदा वाढवला, १८८० च्या दशकात गूज गेटलाच बिडाच्या खांबांचं, मोठ्या काचांचं दुकान बांधलं, ते खांब अजून आहेत. मग पेलहॅम स्ट्रीटच्या कोपऱ्यावर १९०३-०४ चं, ब्रॉम्ले या आर्किटेक्टचं, टेराकोटाची नक्षी आणि वळणदार लाकडी चौकटींतल्या काचा, या अख्ख्या प्रवासातलं माझं सगळ्यात आवडतं दुकान. बूट्स तिथेही आता नाही.

जेसीची बायको फ्लोरेन्स, तिनं दुकानात पुस्तकं, भेटवस्तू, चहाची टेबलं आणली. बूट्सचं भाड्यानं पुस्तकं द्यायचं वाचनालय १८९८ च्या सुमारास सुरू झालं आणि १९६६ पर्यंत चाललं. ते मुद्दाम दुकानात मागच्या बाजूला किंवा वरच्या मजल्यावर असायचं, पुस्तक बदलायला जाताना साबण-पावडरच्या काउंटरवरूनच जावं लागे. मामा मनापासून म्हणाले, "बाई हुशार." मामांच्या भांडारात साखर सगळ्यात शेवटच्या रॅकला का ठेवायचे ते मला त्या दिवशी कळलं.

सोमवार, लंडन

मामांचं विमान रात्रीचं, त्यामुळे दिवस ऑक्सफर्ड स्ट्रीटला. आधी पँथिऑन. १७७२ मध्ये इथे नाच-गाण्याचं भव्य सभागृह होतं, मग बाजार झाला, मग दारूच्या व्यापाऱ्याची वखार, ते पाडून १९३८ ची मार्क्स अँड स्पेन्सरची काळ्या ग्रॅनाइटची इमारत. रॉबर्ट लटियन्सनं, दिल्ली बांधणाऱ्या लटियन्सच्या मुलानं, दहा इंची चौकोनांची पद्धत बसवून दिली होती, प्लॉट कितीही रुंद असो, चौकोन जोडत जायचे. कर्कगेटच्या टेबलापासून इथपर्यंत फक्त चौपन्न वर्षं.

मग ऑक्सफर्ड सर्कस. इथे पीटर रॉबिन्सन नावाचं कापडाचं मोठं दुकान होतं, १९४६ मध्ये ते बर्टननं घेतलं. त्याच पीटर रॉबिन्सनच्या शेफील्डच्या दुकानात १९६४ मध्ये तरुण मुलींसाठी टॉपशॉप निघालं, आणि पुढे इथल्या जुन्या इमारतीत टॉपशॉपचं ते प्रचंड दुकान आलं. नोव्हेंबर २०२० मध्ये बर्टन आणि टॉपशॉप दोन्ही चालवणारी कंपनी बुडाली, नावं ऑनलाइनवाल्यांनी घेतली, दुकानं कुणीच घेतली नाहीत. म्हणजे लीड्समध्ये आम्ही जी गोष्ट ऐकली तिचा शेवट या कोपऱ्यावर झाला. इमारत आयकियाच्या समूहानं २०२१ मध्ये ३७ कोटी ८० लाख पाउंडांना घेतली आणि मे २०२५ पासून आत आयकिया आहे. आम्ही आत गेलो, गर्दी भरपूर, मामांनी एक चमच्यांचा सेट घेतला. बाहेर आल्यावर परत पन्नास पावलं मागे जाऊन वरचे दगडी मजले बघितले. मालकीच्या जागेत आलेला नवा दुकानदार निदान वरच्या गळतीकडे तरी लक्ष देईल असं मामांचं मत, आणि मलाही तसंच वाटतं, मधल्या काळात या रस्त्यावर काय झालं होतं ते बघता.

झालं होतं असं की कोविडनंतर रिकाम्या गाळ्यांत अमेरिकन गोळ्या-चॉकलेटची दुकानं भरली. जागा रिकामी ठेवली तर तिचा कर मालकाच्या डोक्यावर, कुणीतरी बसवला तर त्याच्या, म्हणून कुणीही चालेल. ३६३ नंबरला हेच झालं. तिथे १९२१ मध्ये संगीतकार एडवर्ड एल्गारच्या हस्ते एचएमव्हीचं दुकान उघडलं होतं, १९६२ मध्ये बीटल्सचा मॅनेजर ब्रायन एपस्टाइन यानं त्यांच्या टेपवरून तबकड्या इथेच करून घेतल्या. ते दुकान बंद पडून तिथे गोळ्या विकल्या जात होत्या, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये एचएमव्ही त्याच पत्त्यावर परत आलं. बाहेर कुत्रा आणि कर्णा. मामांकडे भीमसेनजींच्या तबकड्या आहेत, त्यांच्यावर हाच कुत्रा. त्यांनी आत जाऊन काउंटरवरच्या मुलाला विचारायला लावलं, जागा तुमची का भाड्याची? त्याला माहीत नव्हतं, पण त्यानं मॅनेजरला बोलावलं, आणि मग विमानतळाची गाडी सुटायची वेळ होईपर्यंत आम्ही तिघं-चौघं दुकानाच्या दारात भाड्यावरच बोलत होतो.